संगीतकार हँडेल

ज्याला आपल्या कलेवर पोट भरावयाचे असते त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न नेहमी उभा असतो. आपणांस जे उत्तम वाटते ते लोकांपुढे ठेवावे, की लोकांस जे आवडते ते त्यांना द्यावे? राजाच्या पदरी असलेल्या गवयाला एकाच धन्याची मर्जी सांभाळावी लागते; परंतु जो नाट्यगृह भाड्याने घेतो, गवयांना व वादकांना पगार देतो आणि दाराशी तिकिटे विकतो, त्याला रोज हजार धन्यांपुढे उभे राहावे लागते. अशा हजार धन्यांच्या चाकरीत ज्याने जवळजवळ अर्धशतक घालविले, ज्याचे नाट्यगृह अनेकदा ओस पडले, आणि तरीही ज्याच्या हातून जगाला अमोल संगीत लाभले, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. त्याचे नाव जॉर्ज फ्रिड्रिक हँडेल. नाताळच्या दिवसांत ‘हालेलूया’ हे भव्य वृंदगीत ज्यांनी ऐकले असेल त्यांना हँडेल अगदीच परका नाही. ते गीत त्याचेच.

हँडेलचा जन्म जर्मनीतील हाले या नगरात २३ फेब्रुवारी १६८५ रोजी झाला. त्याच वर्षी त्याच देशात योहान सेबास्टियन बाख हा दुसरा थोर संगीतकार जन्मला; परंतु या दोघांची आयुष्यात एकदाही भेट झाली नाही. हँडेलचा बाप शस्त्रवैद्य होता. त्या काळी युरोपात दाढी करणे व जखमा बांधणे ही कामे एकाच हाताने होत, आणि त्याच धंद्यातून हा गृहस्थ वर चढून सरदारांच्या घरी वैद्य म्हणून मान्यता पावला होता. मुलाच्या जन्मसमयी त्याने साठी ओलांडली होती. आयुष्यभर कष्टून मिळविलेली प्रतिष्ठा मुलाने वाढवावी, त्याने कायदा शिकून वकील व्हावे, अशी त्याची इच्छा. गाणेबजावणे हा त्याच्या मते स्थिर माणसाचा धंदा नव्हे. मुलाला मात्र लहानपणापासून सुरांचे वेड. घरात वाद्यांना बंदी झाली तेव्हा माळ्यावर एक लहान, मंद आवाजाचे वाद्य लपवून ठेवून तो रात्री त्यावर सराव करीत असे, अशी आख्यायिका त्याच्या पहिल्या चरित्रकाराने नमूद केली आहे.

पुढे बापाबरोबर तो वाइसेनफेल्स येथील ड्यूकच्या दरबारी गेला असता त्याने तेथील प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजविला. तो ड्यूकच्या कानी पडला, आणि अशा मुलाला संगीत शिकू न देणे योग्य नव्हे, असे त्याने बापाला समजाविले. वृद्ध बापाने तेवढे मानले. हाले येथील त्साखाव नावाच्या विद्वान ऑर्गनवादकाकडे मुलाचे शिक्षण सुरू झाले. त्साखावने त्याला वादन तर शिकविलेच, पण निरनिराळ्या देशांतील रचनाकारांची गीते स्वहस्ते उतरवून काढावयास लावून प्रत्येकाची पद्धती ओळखावयास शिकविले. मुलगा बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास बाप वारला. बापाची इच्छा मुलाने अगदीच टाकून दिली नाही. १७०२ साली हाले येथील विद्यापीठात त्याने नाव दाखल केले. त्याच वर्षी गावातील एका मंदिरात ऑर्गनवादकाची एका वर्षाची नोकरीही त्याने पत्करली. ते वर्ष सरताच तो हांबुर्गला निघून गेला.

हांबुर्गला जाण्याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. जर्मनीत बहुतेक ठिकाणी ऑपेरा राजवाड्यांत होत असे. हांबुर्ग हे व्यापाऱ्यांचे स्वतंत्र नगर असल्याने तेथे १६७८ सालापासून तिकीट घेऊन कोणालाही जाता येईल असे ऑपेरागृह चालू होते. ऑपेरा म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत गाऊन करावयाचे नाटक. आपल्या संगीत नाटकात पदांच्या मधूनमधून गद्य संवाद असतात. इटालियन ऑपेरात संवादही गायिले जातात. या ऑपेरागृहात हँडेल प्रथम व्हायोलिनवादक म्हणून राहिला, आणि १७०५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याचा पहिला ऑपेरा ‘अल्मिरा’ तेथे झाला. रागीट स्वभावामुळे तेथेच तो एकदा प्राणास मुकावयाचा. माटेझोन नावाच्या मित्राशी वाद्यापुढील जागेवरून त्याचे भांडण जुंपले, दोघांनी तलवारी उपसल्या, आणि माटेझोनची तलवार हँडेलच्या अंगरख्याच्या गुंडीवर आपटून मोडली. पुढे दोघांचा समेट झाला. एका गुंडीने जगाचे केवढे नुकसान टळले!

ऑपेराचे माहेर इटली. १७०६ साली हँडेल तेथे गेला व सुमारे साडेतीन वर्षे फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स व व्हेनिस या नगरांत राहिला. मनुष्याच्या गळ्याला काय शोभते, कोणता स्वर किती वेळ धरला असता ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडतो, हे तो तेथे शिकला. १७०९ च्या अखेरीस व्हेनिस येथे त्याच्या ‘आग्रिप्पिना’ या ऑपेराने मोठा लौकिक मिळविला. त्यानंतर हानोफर येथील राजपुत्राने त्याला आपला संगीतप्रमुख नेमले. परंतु नेमणूक हाती पडताच रजा घेऊन तो लंडनला गेला. लंडन हे त्या वेळी युरोपातील अतिशय श्रीमंत नगर होते, आणि तेथे इटालियन ऑपेराची नुकतीच आवड उत्पन्न झाली होती.

२४ फेब्रुवारी १७११ रोजी लंडनमधील हेमार्केट नाट्यगृहात त्याचा ‘रिनाल्डो’ हा ऑपेरा झाला. लोकांना भुलविण्यासाठी नाट्यगृहाने काय काय केले नव्हते! रंगभूमीवर राक्षस, अग्निज्वाळा व मायावी देखावे आणले. उद्यानाच्या प्रवेशात खऱ्या जिवंत चिमण्या सोडल्या. त्या चिमण्या नाट्यगृहात सैरावैरा उडून प्रेक्षकांची फजिती करीत, म्हणून वर्तमानपत्रांतील विनोदी लेखकांना तो चांगलाच विषय मिळाला. तथापि ऑपेरा गाजला. आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो. कारण हँडेल हा बाजारापासून दूर बसलेला तपस्वी होता अशी कोणाची समजूत होऊ नये. तो बाजारात उतरला होता. मात्र चिमण्या उडून गेल्या, आणि त्या ऑपेरातील एका दुःखी कन्येचे गीत आज तीनशे वर्षांनंतरही जगभर गायिले जाते. बाजाराने मागितलेले त्याने दिले; पण त्याच थाळीत त्याने जे वाढले ते बाजाराने मागितलेही नव्हते.

१७१२ साली तो पुन्हा इंग्लंडात आला तो कायमचाच. राणी ॲन हिने त्याला वर्षास २०० पौंडांची नेमणूक करून दिली. १७१४ साली राणी वारली आणि नवा राजा म्हणून गादीवर आला तो हानोफरचाच राजपुत्र, म्हणजे ज्याची चाकरी हँडेलने मध्येच टाकली होती तोच! परंतु राजाने राग धरला नाही, नेमणूक वाढविली. पुढे राजकन्यांना शिकविण्याबद्दलचे वेतन धरून त्याला वर्षास ६०० पौंड मिळू लागले. १७ जुलै १७१७ रोजी राजा टेम्स नदीतून नावेने जात असता दुसऱ्या नावेत बसलेल्या वादकांनी हँडेलचे ‘जलसंगीत’ वाजविले. राजाला ते इतके आवडले की त्याने ते पुन्हा पुन्हा वाजवावयास लावले. ही राजाश्रयाची बाब विसरता कामा नये. पुढे नाट्यगृहात हानी सोसण्याची जी छाती हँडेलने दाखविली, तिला या निश्चित प्राप्तीचा आधार होता. कलानिष्ठेची स्तुती करताना चुलीचा विचार सोडणे हे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१७१९ साली लंडनच्या उमराव लोकांनी ऑपेरासाठी एक कंपनी काढली व तिचे २०० पौंडांचे भाग विकले. ज्या काळात सर्व लंडन भागभांडवलाच्या नादी लागले होते, त्या काळात संगीतही भागभांडवलावर निघाले! हँडेलला युरोपात पाठवून त्याच्याकडून नामांकित इटालियन गवई आणविले. सेनेसिनो हा गवई, कुझ्झोनी व फाउस्टिना या दोन गायिका, यांना मिळणारे वेतन रचनाकाराच्या प्राप्तीहून कितीतरी अधिक असे. लोक संगीतरचना ऐकावयास येत नसत. कोणत्या गायिकेने किती ताना घेतल्या हे मोजावयास येत. त्यामुळे गवई शिरजोर झाले.

१७२३ साली ‘ओट्टोने’ या ऑपेराच्या तालमीत कुझ्झोनीने आपले पहिले गीत गाण्यास नकार दिला. ते गीत साधे होते. त्यात गळ्याची करामत दाखविण्यास अवसर नव्हता. पहिल्याच प्रवेशात टाळ्या घेण्यास ते निरुपयोगी, असे तिला वाटले. हँडेल धिप्पाड व तापट माणूस. त्याने तिला कमरेला धरून खिडकीबाहेर फेकण्याची धमकी दिली, असे सांगतात. धमकीचे समर्थन आम्ही करीत नाही. गुरुजनांनी अशा रीतीने शिकवावे असेही आमचे मत नाही. परंतु भांडण कशावरून झाले ते पाहावे. गायिकेला टाळ्या हव्या होत्या; रचनाकाराला त्या ठिकाणी त्या पात्राच्या तोंडी जे शोभेल ते हवे होते. अखेर तिने ते गीत जसेच्या तसे गायिले, आणि त्या साध्या गीतानेच लंडनमध्ये तिची कीर्ती झाली.

पण ही व्यवस्था फार दिवस टिकणारी नव्हती. कुझ्झोनी व फाउस्टिना यांच्या भक्तांचे दोन तट पडले. १७२७ च्या जून महिन्यात दुसऱ्या एका रचनाकाराचा ऑपेरा चालू असता, राजघराण्यातील स्त्री समोर बसलेली असताना, या दोन तटांनी शिट्या व आरोळ्या यांचा असा गोंधळ घातला की खेळ बंद करावा लागला. पुढच्याच वर्षी, २९ जानेवारी १७२८ रोजी, जॉन गे या कवीचे ‘भिकाऱ्याचा ऑपेरा’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यात राजे व वीर यांच्या जागी चोर, दरोडेखोर व तुरुंगाधिकारी होते, भाषा इंग्रजी, चाली रस्त्यावरच्या, सर्वांच्या तोंडी असलेल्या. इटालियन ऑपेराची टिंगल करणारे ते नाटक पहिल्याच हंगामात ६२ वेळा झाले. हँडेलच्या एका कूचगीताची चालही गे याने खुशाल त्यात घातली होती. त्याच वर्षी उमरावांच्या कंपनीचे भांडवल संपून ती बुडाली.

या ठिकाणी हँडेलपुढे मोह उभा होता. त्या नाटकाच्या यशानंतर तशाच प्रकारची नाटके लंडनात भराभर निघू लागली. चाली सुचण्यात हँडेलचा हात धरणारा तेथे कोणी नव्हता. त्याने मनात आणले असते तर त्या प्रकारात पैसा मिळविणे त्याला कठीण नव्हते. त्याने तसे केले नाही. आपली शिल्लक घालून, व्यवस्थापकाशी भागी करून, त्याने इटालियन ऑपेरा पुन्हा उभा केला. तेव्हा १७३३ साली त्याच्यावर रुसलेल्या उमरावांनी विरुद्ध बाजूस दुसरी ऑपेरा मंडळी काढली, त्याचे बहुतेक सर्व गवई फोडून नेले, आणि युरोपातील सर्वांत नामांकित गवई फारिनेल्ली यालाही आणविले. एका नगरात दोन ऑपेरा चालतील इतके श्रोते नव्हते. दोन्ही नाट्यगृहांत पैसा आटू लागला. हँडेल मात्र वर्षामागून वर्ष नवे ऑपेरा लिहीत राहिला. १७३७ च्या एप्रिलमध्ये त्याच्या शरीराने हाय खाल्ली. पक्षाघाताचा झटका येऊन उजवा हात निकामी झाला. ज्या हाताने लिहावयाचे व वाजवावयाचे तोच गेला! जर्मनीतील आखेन येथील उष्ण झऱ्यांवर त्याला नेले. तेथे तो वैद्यांच्या अपेक्षेपेक्षा लवकर बरा झाला. त्याच वर्षी प्रतिपक्षाची मंडळीही बुडाली होती.

त्याचे या काळात दिवाळे निघाले असे पुष्कळ जुन्या चरित्रांत लिहिलेले आढळते. बँकेतील त्याच्या हिशेबांचा अभ्यास झाल्यावर तसे म्हणण्यास आधार उरला नाही. परंतु साठविलेला पैसा मोठ्या प्रमाणात गेला हे खरे. १७३८ साली त्याचा ‘सेर्से’ हा ऑपेरा अवघ्या ५ खेळांत आटोपला. त्याच ऑपेरातील, वृक्षाच्या सावलीला उद्देशून गायिलेले आरंभीचे गीत आज जगातील अत्यंत प्रिय गीतांपैकी एक आहे. १७४१ च्या आरंभी ‘डेइदामिया’ हा त्याचा शेवटचा ऑपेरा ३ वेळा होऊन बंद पडला. त्यानंतर त्याने ऑपेरा लिहिला नाही.

मग काय, हँडेल हरला? येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. काही वर्षांपूर्वीच, १७३२ साली, त्याच्या ‘एस्तेर’ या पवित्र शास्त्रातील कथेवरील रचनेचा प्रयोग करण्याचे ठरले असता, राजमंदिरातील गाणाऱ्या मुलांनी रंगभूमीवर अभिनय करू नये अशी आज्ञा लंडनच्या बिशपने केली होती. म्हणून ती कथा वेष, अभिनय व पडदे यांवाचून नुसती गाऊन सादर केली गेली. या प्रकाराला ऑराटोरिओ म्हणतात. तो इंग्रजीत असे, म्हणून सर्वांना समजे. त्याला महागडे इटालियन गवई लागत नसत. देखाव्यांचा खर्च वाचे. आणि लेंट म्हणजे उपवासकाळातील ज्या दिवशी नाटकांना बंदी असे त्या दिवशी नाट्यगृह त्यासाठी मोकळे मिळे. म्हणजे ऑपेरा सोडून ऑराटोरिओ धरण्यात व्यवहार होता, हे उघड आहे. परंतु व्यवहार पाहणे म्हणजे कलेशी बेइमानी करणे नव्हे. लोकांची भाषा त्याने पत्करली, त्यांच्या खिशाचा विचार केला. पण त्या बदलाबरोबर त्याने आपली रचना सोपी किंवा पोकळ केली नाही. उलट, एकट्या गवयाच्या तानांच्या जागी त्याने वृंदगायनाला आणले, आणि शंभर आवाजांनी एका जनसमूहाचे दुःख, भय व आनंद कसे बोलावेत हे दाखविले. १७३९ साली ‘इजिप्तातील इस्राएल’ या रचनेत त्याने वृंदगायनाला इतके प्राधान्य दिले की लोकांना ते जड वाटले, आणि ती रचनाही चालली नाही. नवा मार्ग धरूनही तो लगेच लोकांच्या मागे धावला नाही, एवढे यावरून दिसते.

१७४१ च्या उन्हाळ्यात चार्ल्स जेनेन्स या मित्राने पवित्र शास्त्रातील वचने निवडून एक संहिता त्याच्या हाती दिली. २२ ऑगस्ट रोजी लंडनमधील ब्रुक स्ट्रीटवरील आपल्या घरात हँडेल लिहावयास बसला, आणि १४ सप्टेंबरला, म्हणजे २४ दिवसांत, सुमारे २६० पृष्ठांची ती रचना पूर्ण झाली. हाच ‘मसीहा’. त्याचा पहिला प्रयोग डब्लिन येथे १३ एप्रिल १७४२ रोजी झाला. जागा पुरावी म्हणून स्त्रियांनी फुगीर घेरांचे झगे घालू नयेत व पुरुषांनी तलवारी आणू नयेत, अशी विनंती आधी प्रसिद्ध केली होती. त्यामुळे सुमारे ७०० लोक दाटीवाटीने बसले. आलेला सुमारे ४०० पौंडांचा निधी तीन धर्मकार्यांना वाटला: दोन रुग्णालये, आणि कर्जासाठी तुरुंगात पडलेल्यांची सोडवणूक. त्या पैशाने १४२ कैदी मुक्त झाले. कर्जाची भीती ज्याने जवळून पाहिली होती त्याच्या संगीताने कर्जदारांच्या बेड्या तोडाव्यात, हे किती योग्य झाले!

पण लंडन म्हणजे डब्लिन नव्हे. १७४३ साली तेथे हीच रचना झाली तेव्हा, नाटकाच्या जागेत देवाचे वचन गाणे योग्य की अयोग्य, असा वाद माजला. जाहिरातीत ‘मसीहा’ हे नाव न घालता नुसते नवे पवित्र ऑराटोरिओ एवढेच छापले. तरी श्रोते थंडच राहिले. पुढे १७४५ च्या हंगामाचे हाल याहून वाईट झाले. २४ कार्यक्रमांची वर्गणी आगाऊ घेतलेली, आणि नाट्यगृह रिकामे. तेव्हा हँडेलने वर्तमानपत्रातून वर्गणीदारांना कळविले की, ठरलेले कार्य आपण पुरे करू शकत नाही, तरी वर्गणीचा उरलेला भाग परत न्यावा. पुष्कळांनी तो परत घेण्यास नकार दिला. या विश्वासाने धीर येऊन त्याने पुन्हा कार्यक्रम चालू केले, आणि २४ पैकी १६ पार पाडले. पुढच्या वर्षी नवी रचना तयार होताच जुन्या वर्गणीदारांना त्याने तिची तिकिटे विनामूल्य दिली. कलावंताची सचोटी सुरांतच असावी असे नाही. ती हिशेबाच्या वहीतही असावी लागते, आणि हँडेलच्या वहीत ती होती.

१७४७ साली ‘यहूदा मक्काबी’ या रचनेने दैव पालटले. आदल्या वर्षी राज्यातील बंड मोडून काढल्यामुळे देशात विजयाचा उत्साह होता, आणि स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एका प्राचीन वीराची कथा त्याला जुळली. त्याच वेळी हँडेलने आगाऊ वर्गणीची पद्धत बंद करून, जो दाराशी पैसे देईल त्याला आत सोडण्यास आरंभ केला. आजवर उमरावांच्या लहरीवर चाललेले नाट्यगृह आता दुकानदार, कारकून व मध्यम स्थितीतील कुटुंबे यांनी भरू लागले. लोकांची नाडी त्याला कळली होती. यानंतर तो त्याच एका साच्यातून विजयगीते काढीत बसला असता तर त्याला कोणी नावे ठेविली नसती.

परंतु १६ मार्च १७५० रोजी त्याने ‘थिओडोरा’ ही रचना पुढे आणली. रोमन अमलाखाली अंत्युखिया नगरात श्रद्धेसाठी मरण पत्करणाऱ्या एका ख्रिस्ती कुमारिकेची ही कथा. तिच्यात लढाई नाही, विजयाचे नगारे नाहीत; दोन निरपराध जीव शांतपणे मृत्यूला सामोरे जातात, आणि संगीत त्यांच्याबरोबर शांत होत जाते. त्या महिन्यात व आधीच्या महिन्यात लंडनला भूकंपाचे धक्के बसल्याने पुष्कळ श्रीमंत नगर सोडून गेले होते. राहिले त्यांना ही कथा रुचली नाही. ३ प्रयोगांत सर्व संपले. असे असूनही हँडेलचे मत बदलले नाही. त्यातील एक वृंदगीत आपल्या सुप्रसिद्ध ‘हालेलूया’हूनही सरस आहे, असे तो म्हणे, ही साक्ष ज्याने ती संहिता लिहिली त्या पाद्री टॉमस मॉरेल याने दिली आहे. रिकाम्या खुर्च्या पाहून त्याने आपल्या मापाचा गज आखूड केला नाही. गेल्या काही दशकांत ही रचना पुन्हा उजेडात आली असून, त्याच्या श्रेष्ठ कृतींत आज तिची गणना होते.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट घडली. टॉमस कोरम नावाच्या नावाड्याने लंडनमध्ये टाकलेल्या मुलांसाठी एक अनाथगृह स्थापन केले होते. त्याला १७३९ साली राजाची सनद मिळाली होती. हँडेलने तेथील प्रार्थनामंदिराला ऑर्गन देऊ केला, आणि १ मे १७५० रोजी तेथे ‘मसीहा’ करविला. इतकी गर्दी लोटली की पुष्कळांना दारातून परत जावे लागले. म्हणून दोन आठवड्यांनी तो पुन्हा करावा लागला. तेव्हापासून दरवर्षी तेथे ‘मसीहा’ होऊ लागला, आणि त्यातून त्या पोरक्या मुलांना सुमारे ७००० पौंड मिळाले. लंडनने ज्या रचनेकडे सात वर्षे पाठ फिरविली होती ती आता नगराच्या अंतःकरणात बसली. रचनेत यासाठी त्याने काही खाली उतरविले नव्हते. श्रोते वर चढून आले.

आम्ही त्याला निष्कलंक म्हणत नाही. जेवणाचा व रागाचा त्याला आवर नसे. आपल्या जुन्या रचनांतील व क्वचित दुसऱ्यांच्या रचनांतील भाग तो नव्या रचनांत उचलून घाली. ‘मसीहा’तील काही वृंदगीतेही त्याच्याच इटालियन प्रेमगीतांवरून घडविलेली आहेत. त्या काळी ही चाल सर्रास होती, तरी हँडेलने ती इतरांपेक्षा अधिक चालविली. याहून गंभीर गोष्ट अलीकडच्या संशोधनाने पुढे आली आहे. आफ्रिकेतील गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचे भाग त्याने काही काळ बाळगले होते. कर्जदारांच्या बेड्या तोडणाऱ्या संगीताच्या मालकाला दुसऱ्या बेड्या दिसल्या नाहीत, हे दुःखाने सांगितलेच पाहिजे. सुरांच्या बाबतीत जो इतका जागरूक होता तो पैशाच्या उगमाबाबत आपल्या काळाइतकाच आंधळा राहिला.

पुढे शरीरचक्षूही गेले. १७५१ च्या फेब्रुवारीत ‘इफ्ताह’ ही शेवटची मोठी रचना लिहीत असता, ईश्वराच्या अगम्य निर्णयांविषयीच्या वृंदगीतापाशी डाव्या डोळ्याची दृष्टी इतकी मंद झाली की लेखणी खाली ठेवावी लागली. काही दिवसांनी त्याने ती पुन्हा उचलली व रचना पूर्ण केली. नामांकित वैद्यांनी शस्त्रक्रिया केल्या. पण थोड्याच काळात तो पूर्ण अंध झाला. तरीही ऑराटोरिओच्या मधल्या वेळात ऑर्गनवर बसून तो आठवणीने व प्रतिभेने वाजवीत असे. ६ एप्रिल १७५९ रोजी ‘मसीहा’च्या प्रयोगाला तो शेवटचा हजर राहिला, आणि १४ एप्रिल रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी, ब्रुक स्ट्रीटवरील घरी त्याने देह ठेवला. तो अविवाहित होता. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याच्या अंत्यविधीस सुमारे ३००० लोक जमले. मृत्युपत्रात त्याने हलाखीत सापडलेल्या वादकांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या निधीला १००० पौंड ठेविले, आणि अनाथगृहाला ‘मसीहा’ची एक प्रत दिली. ज्या बाजाराने त्याला दोनदा-तीनदा धुळीस मिळविले, त्याच बाजारातून तो अखेर संपन्न होऊन गेला.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रावरून लोकांना तुच्छ लेखण्याचा धडा कोणी घेऊ नये. हँडेलने लोकांना कधीच तुच्छ लेखले नाही. त्यांच्यासाठी त्याने भाषा बदलली, प्रकार बदलला, दारे सर्वांस खुली केली. मात्र कोणते गीत चांगले व कोणते हलके, याचा निवाडा त्याने तिकीटविक्रीवर सोपविला नाही. बदलावे काय आणि बदलू नये काय, हे ओळखणे हीच त्याची कलानिष्ठा. स्नेहसंमेलनात गाताना किंवा निबंध लिहिताना तुमच्यापुढेही हा प्रश्न लहान रूपाने येतो. टाळ्या मिळवून देणारी एक युक्ती तुम्हांला ठाऊक असते, आणि खरे चांगले काय तेही ठाऊक असते. पालकांनाही आमची एक विनंती आहे. हँडेलचा बाप दुष्ट नव्हता. मुलाच्या भाकरीची काळजी त्याला होती, आणि ती काळजी खोटी नव्हती हे मुलाच्या पुढील आयुष्याने पुरेपूर दाखविले. तरीही त्या म्हाताऱ्याने एका जाणत्याचा शब्द ऐकून मुलाला त्साखावच्या हाती दिले. आपल्या घरातील एखाद्या मुलाचा गळा, हात किंवा डोळा असा निराळा असेल, तर त्याला निदान तेवढी एक संधी आपण द्यावी.